नियोजन ॲपमधील पूर्वनिर्धारित दृश्य

पूर्वनिर्धारित दृश्य किंवा डीफॉल्ट व्ह्यू म्हणजे दैनंदिन नियोजनाचे अथवा दिनदर्शिकेचे ॲप उघडताच, वापरकर्त्याने वेगळी निवड न करता, समोर येणारी मांडणी होय. ॲपमध्ये साठवलेल्या त्याच नोंदी दिवस, आठवडा, महिना, वर्ष किंवा यादी अशा वेगवेगळ्या रूपांत दाखवता येतात. त्यांपैकी कोणते रूप आधी दिसावे, हे पूर्वनिर्धारित दृश्याने ठरते. त्यामुळे नोंदी बदलत नाहीत. कोणती नोंद सहज नजरेस पडेल आणि कोणती पडद्याबाहेर राहील, हे मात्र बदलते.

बहुतेक ॲपमध्ये हे दृश्य सेटिंगमधून बदलता येते. तरीही अनेक वापरकर्ते निर्मात्याने ठरवलेलेच दृश्य कायम ठेवतात. त्यामुळे त्याची निवड केवळ सजावटीची बाब राहत नाही. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. तेथे पाऊस नक्षत्रांनी, पिकाची निगा पेरणीपासूनच्या दिवसांनी, बाजार वाराने, सण तिथीने आणि कार्यालयीन मुदती इंग्रजी तारखेने मोजल्या जातात. यांपैकी कोणतेही एक परिमाण इतर सर्वांना सामावून घेत नाही.

संज्ञा व संकल्पना

'दृश्य' म्हणजे नोंदींची मांडणी. 'पूर्वनिर्धारित' म्हणजे वापरकर्त्याने निवड करण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले. नोंद आणि दृश्य यांतील फरक पारंपरिक हिशेबाच्या वह्यांवरून समजतो. रोजकीर्दीत व्यवहार दिवसाच्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत तेच व्यवहार खातेनिहाय मांडले जातात. व्यवहार तेच असले तरी आज किती खर्च झाला हे रोजकीर्द चटकन सांगते, तर अमुक व्यक्तीकडे किती येणे बाकी आहे हे खतावणी सांगते. दुकानात सर्वांत वर कोणती वही ठेवायची हा जसा निर्णय असतो, तसाच ॲपचे पूर्वनिर्धारित दृश्य हा निर्णय असतो.

ही संकल्पना 'शेवटचे वापरलेले दृश्य' या संकल्पनेपासून वेगळी आहे. काही ॲप दर वेळी ठरावीक दृश्याने उघडतात. काही ॲप मागील वेळी ज्या दृश्यात बंद झाले, त्याच दृश्यात पुन्हा उघडतात. दुसऱ्या पद्धतीत वापरकर्त्याने सहज म्हणून उघडलेले दृश्यही पुढे कायम राहू शकते. मोबाइलच्या मुख्य पडद्यावरील विजेट हाही स्वतंत्र प्रकार आहे. त्याचे दृश्य ॲपच्या दृश्याहून वेगळे असू शकते.

दृश्यांचे प्रकार

नियोजन ॲपमध्ये पुढील दृश्ये सामान्यतः आढळतात :

- दिवसदृश्य : एका दिवसाचे २४ तास वरून खाली मांडलेले असतात. वेळेचे आच्छादन आणि मोकळा वेळ स्पष्ट दिसतो. उद्याचे मात्र काहीच दिसत नाही.
- आठवडादृश्य : सात दिवसांचे उभे रकाने असतात. वारानुसार ठरलेल्या कामांसाठी ते सोयीचे असते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर रकाने बारीक होऊन मजकूर तुटतो.
- कामकाजाचा आठवडा : आठवडादृश्यातून सुट्टीचे दिवस वगळलेले रूप. मायक्रोसॉफ्ट आउटलुकमध्ये असे दृश्य उपलब्ध आहे.
- महिनादृश्य : सात रकाने आणि बहुधा पाच किंवा सहा ओळी, म्हणजे ३५ किंवा ४२ घरे. दूरचा आवाका दिसतो. परंतु मोबाइलवर प्रत्येक नोंद एका ठिपक्याएवढी किंवा अर्ध्या शब्दाएवढी उरते.
- वर्षदृश्य : बारा महिने एकत्र. नोंदी वाचता येत नाहीत. तारीख शोधण्यासाठीच ते मुख्यतः वापरले जाते.
- यादीदृश्य : फक्त नोंदी असलेले दिवस क्रमाने. रिकामे दिवस गाळले जात असल्याने पुढील काम लगेच कळते. दोन कामांमधील अंतर मात्र नजरेला जाणवत नाही.
- पट्टीदृश्य : प्रत्येक काम आडव्या पट्टीने दाखवले जाते आणि पट्टीची लांबी म्हणजे कामाचा कालावधी. ही मांडणी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

काही ॲपमध्ये दिवसांची संख्या स्वतः ठरवता येते. २००६ मध्ये सुरू झालेल्या गुगल कॅलेंडरच्या संगणकावरील आवृत्तीत दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंतचे सानुकूल दृश्य निवडता येते.

छापील साधनांतील पूर्वपरंपरा

नियोजनाच्या छापील साधनांतही एक ठरलेले दृश्य असते. फरक इतकाच, की ते बदलता येत नाही.

पारंपरिक मराठी पंचांगाची मांडणी पंधरवड्याची असते. शुक्ल किंवा कृष्ण पक्ष हे तिचे एकक असून प्रत्येक ओळीत तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पाच अंगे दिलेली असतात. पंचांगात दिवसाची गणना सूर्योदयापासून होते आणि सूर्योदयाच्या वेळी जी तिथी असेल ती सामान्यतः त्या दिवसाची तिथी मानली जाते. त्यामुळे कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, तर कधी वृद्धी.

भिंतीवरील दिनदर्शिकेने महिन्याचे पान हे घरगुती नियोजनाचे मुख्य दृश्य बनवले. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'कालनिर्णय'ने इंग्रजी महिन्याच्या चौकटीत तिथी, सण, एकादशी, चतुर्थी इत्यादी माहिती आणली. अशा दिनदर्शिकांत वार डाव्या कडेला वरून खाली लिहिलेले असतात आणि तारखा उभ्या वाचाव्या लागतात. मोबाइल ॲपच्या महिनादृश्यात वार वरच्या बाजूला आडवे असतात. भिंतीवरील पानाची सवय असलेल्या व्यक्तीला ॲपमध्ये तारीख शोधताना सुरुवातीला अडखळायला होते, त्याचे एक कारण या दिशाबदलात आहे. शिवाय भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याची खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, मजुरांची हजेरी अशा नोंदी घरातील सर्वांना एकाच वेळी दिसतात. मोबाइलमधील नोंद सामान्यतः एकालाच दिसते.

रोजनिशीत याउलट दिवसाला एक पान असते. तिचे दृश्य दिवसाचे असल्याने सविस्तर नोंदीला भरपूर जागा मिळते. मात्र पुढील महिन्यातील काम पाहण्यासाठी पाने उलटावी लागतात.

पूर्वनिर्धारणाचा प्रभाव

आधीच ठरवून दिलेला पर्याय लोक बदलत नाहीत, ही प्रवृत्ती वर्तनशास्त्रात चांगलीच अभ्यासली गेली आहे. विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मधील निबंधात तिचे 'जैसे थे'कडे असलेला कल म्हणून विवेचन केले. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांनी २००३ मध्ये अवयवदानाच्या संदर्भात दाखवून दिले, की जेथे संमती गृहीत धरून नकार देण्याची मुभा असते, तेथे संमतीचे प्रमाण फार मोठे असते. जेथे संमती स्वतःहून नोंदवावी लागते, तेथे ते पुष्कळ कमी असते. या प्रभावाची तीन कारणे सामान्यतः सांगितली जातात : बदल करण्याचे श्रम, ठरवून दिलेला पर्याय ही तज्ज्ञांची शिफारस असावी असा समज, आणि आहे ते सोडताना वाटणारी तोट्याची भीती.

नियोजनाच्या एककाविषयीही संशोधन झाले आहे. डॅनियल किर्शेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला अभ्यासाचे दैनिक नियोजन, तर दुसऱ्या गटाला मासिक नियोजन करण्यास सांगितले होते. मासिक नियोजन करणारे विद्यार्थी अभ्यासाच्या सवयीत सरस ठरले. दैनिक योजना एका अनपेक्षित अडथळ्यानेही मोडते आणि मोडलेली योजना पुन्हा हाती घेण्याची उमेद कमी होते. मासिक योजनेत मात्र काम पुढेमागे सरकवण्यास वाव राहतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा अभ्यास मर्यादित संख्येच्या विद्यार्थ्यांवर आणि कागदी नियोजनावर आधारलेला होता. त्यामुळे त्याचे निष्कर्ष ॲपच्या दृश्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

डॅनियल कानमन आणि आमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला नियोजनभ्रमही येथे संबंधित आहे. माणूस कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, असे तो सांगतो. दिवसदृश्यात तासांची जागा मोजकी असल्याने कामांची गर्दी लगेच दिसते. महिनादृश्यात प्रत्येक घर बऱ्यापैकी रिकामे दिसत असल्याने हा भ्रम झाकला जातो.

वऱ्हाडातील उदाहरण

नक्षत्र आणि पंधरवडा

वऱ्हाडातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून सोयाबीन, कापूस व तूर ही खरिपातील प्रमुख पिके आहेत. पावसाळ्याची चर्चा सूर्यनक्षत्रांनुसार होते. सूर्य २७ नक्षत्रांपैकी प्रत्येकात सुमारे साडेतेरा दिवस असतो. मृग नक्षत्र साधारणतः ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१ किंवा २२ जूनला, पुनर्वसू ५ किंवा ६ जुलैला आणि पुष्य १९ किंवा २० जुलैला लागते. या गणनेचा आधार सूर्य असल्याने तिथीप्रमाणे या तारखा दरवर्षी मागेपुढे होत नाहीत.

महिनादृश्यात मृग जूनच्या पानावर पूर्ण मावते. आर्द्रा मात्र जून आणि जुलै अशा दोन पानांत विभागली जाते, तर पुष्य जुलै व ऑगस्टमध्ये. आर्द्रेचे दिवस हे वऱ्हाडात पेरणीच्या धामधुमीचे असतात. पाऊस वेळेवर आला नाही तर पेरणी पुढे ढकलायची की नाही, हा निर्णय नेमका ३० जूनच्या आसपास घ्यावा लागतो आणि महिन्याचे पान तेथेच संपते. आठवडादृश्यात नक्षत्राचा अर्धाच भाग दिसतो. दोन आठवड्यांचे सानुकूल दृश्य या एककाच्या सर्वांत जवळ जाते. परंतु बहुतेक ॲपमध्ये ते पूर्वनिर्धारित नसते, आणि पुष्कळ ॲपमध्ये उपलब्धही नसते.

पेरणीच्या निर्णयाला आर्थिक बाजू आहे. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग व कृषी विद्यापीठे देतात. पहिल्या सरीनंतर घाईने पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च पुन्हा करावा लागतो. येथे नियोजनाला निश्चित तारखेपेक्षा पुढील काही दिवसांचा अंदाज आणि झालेल्या पावसाची बेरीज अधिक उपयोगी पडते.

हवामानावर आधारित कृषी सल्ला मात्र वारानुसार येतो. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांच्या अंदाजासह सल्लापत्रिका प्रसिद्ध केली जाते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या सेवेचे केंद्र आहे. हे विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'मेघदूत' ॲपवरही असा सल्ला मिळतो. शुक्रवारच्या पत्रिकेतील अंदाज पुढील आठवड्यात शिरतो. म्हणून आठवड्याच्या शेवटी चालू आठवड्याचे दृश्य पाहणाऱ्याला अंदाजाचा मोठा भाग पडद्यावर दिसत नाही. 'आजपासून पुढील पाच किंवा सात दिवस' असे सरकते दृश्य येथे अधिक योग्य ठरते.

पेरणीपासूनचे दिवस

पिकाच्या निगेचे वेळापत्रक तारखेने नव्हे, तर पेरणीपासूनच्या दिवसांनी सांगितले जाते. डवरणी, निंदण, खताचा दुसरा हप्ता, फवारणी ही कामे पेरणीनंतर अमुक दिवसांनी करावीत, असेच सल्ल्याचे स्वरूप असते. उदाहरणार्थ, कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या निरीक्षणासाठी पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी कामगंध सापळे लावण्याची शिफारस केली जाते. २० जूनला पेरलेल्या वावरासाठी तो दिवस ४ ऑगस्टला येतो. ५ जुलैला पेरलेल्या वावरासाठी १९ ऑगस्टला. एकाच शेतकऱ्याच्या दोन वावरांत अशा रीतीने पंधरा दिवसांचा फरक पडतो.

कोणत्याही नेहमीच्या दृश्यात ही मोजणी आपोआप दिसत नाही. तीसाठी पट्टीदृश्य उपयोगी पडते. प्रत्येक वावराची स्वतंत्र पट्टी पेरणीपासून सुरू होते आणि कामे त्या पट्टीवर येतात. सुमारे शंभर दिवसांत तयार होणारे सोयाबीन आणि त्याहून बरेच अधिक दिवस उभी राहणारी तूर ही आंतरपीक म्हणून एकत्र घेतली असता अशा दोन पट्ट्या शेजारी पाहता येतात. कापसाच्या बाबतीत पट्टीचा शेवटही महत्त्वाचा असतो. बोंडअळीची साखळी तोडण्यासाठी पीक डिसेंबरअखेर संपवावे आणि फरदड घेऊ नये, असा सल्ला दिला जातो. पट्टीदृश्यात हा शेवट पेरणीच्या वेळीच समोर राहतो.

अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. तेथील बहरांच्या नावांतच कालगणना आहे : पावसाच्या आरंभी येणारा मृग बहर आणि आंब्याच्या मोहराच्या सुमारास, हिवाळ्याच्या अखेरीस येणारा आंबिया बहर. बहरापूर्वी झाडांना पाण्याचा ताण देण्यापासून तोडणीपर्यंतचा काळ अनेक महिन्यांचा असल्याने अशा बागायतदारासाठी हंगामाचे किंवा वर्षाचे दृश्य दिवसदृश्यापेक्षा अधिक बोलके असते.

आठवडा

ग्रामीण भागात आठवडी बाजाराचा वार हा नियोजनाचा आधार असतो. खरेदी, धान्य व भाजीपाल्याची विक्री, मजुरीचा हिशेब आणि तालुक्याच्या गावी करायची इतर कामे त्या वाराला जोडली जातात. शेजारच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरत असल्याने फिरत्या विक्रेत्याचा संपूर्ण आठवडा गावांच्या नावांनी भरलेला असतो. त्याच्यासाठी आठवडादृश्य हेच स्वाभाविक पूर्वनिर्धारित दृश्य होय.

कार्यालयीन आठवडाही सर्वांचा सारखा नाही. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. उरलेल्या शनिवारी त्या सुरू राहतात. शाळा सामान्यतः शनिवारी सकाळी भरतात. त्यामुळे कामकाजाच्या आठवड्याचे पाच दिवसांचे दृश्य शासकीय कर्मचाऱ्याला चालते. शिक्षकाचा शनिवार मात्र त्यातून गळतो.

तिथी आणि तारीख

सार्वजनिक स्मरणदिनांतही दोन पद्धती शेजारी नांदतात. संत गाडगेबाबांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ झाले आणि त्यांची पुण्यतिथी त्याच तारखेला पाळली जाते. डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंतीही २७ डिसेंबर या तारखेला साजरी होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. गुरुकुंज मोझरी येथील त्यांचा पुण्यतिथी महोत्सव मात्र आश्विन वद्य पंचमी या तिथीशी जोडलेला आहे. पहिल्या दोन दिवसांसाठी ॲपमध्ये 'दरवर्षी' ही पुनरावृत्ती पुरते. तिसऱ्यासाठी ती चुकीची तारीख दाखवते.

पोळा श्रावण अमावास्येला येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तो १४ सप्टेंबरला होता. २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. अकोल्यात श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला जलाभिषेक केला जातो. या दिवसाची तारीख काढण्यासाठी चांद्र महिना आणि वार ही दोन्ही परिमाणे एकत्र घ्यावी लागतात. अकोला, बाळापूर, अचलपूर येथील मुस्लिम कुटुंबांना हिजरी महिन्यांकडे लक्ष ठेवावे लागते. अधिक मास नसल्याने ते इंग्रजी वर्षात दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात.

मुदती

तारखेशी बांधलेल्या मुदतींचा परिणाम थेट पैशावर होतो. पीककर्जाची वेळेवर परतफेड केल्यास व्याजात सवलत मिळते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. राज्यात २०२१ पासून राबवल्या जाणाऱ्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाइल ॲपवरून ठरलेल्या कालावधीत करावी लागते.

याहून लहान मुदत पीक विम्यात आढळते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्या हंगामात स्थानिक नैसर्गिक आपत्तीची जोखीम लागू असेल, त्या हंगामात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. शनिवारी रात्री गारपीट झाली, तर ही मुदत मंगळवारी रात्री संपते. आठवडा रविवारी सुरू होवो अथवा सोमवारी, हे तीन दिवस आठवडादृश्यात दोन पानांवर विभागले जातात. महिनादृश्यात तासांची मोजणी दिसतच नाही. अशा नोंदीसाठी यादीदृश्य आणि वेळेवर वाजणारी सूचना यांचाच उपयोग होतो.

विद्यार्थी

विदर्भातील उन्हाच्या तीव्रतेमुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीशा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्यामुळे राज्यभरासाठी तयार केलेले वार्षिक नियोजन येथे जसेच्या तसे वापरता येत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी व हिवाळी अशा दोन सत्रांत होतात. विद्यापीठीय किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाका काही महिन्यांचा असतो; रोजचे तास मात्र वर्ग, वाचनालय आणि घरकाम किंवा शेतीकाम यांत वाटले जातात. अभ्यासक्रमाची विभागणी महिनादृश्यात आणि तासांची विभागणी दिवसदृश्यात करणे ही येथे प्रचलित तडजोड आहे. शेतीच्या हंगामात एखादा संपूर्ण दिवस वेचणीत गेला, तरी मासिक योजना मोडत नाही.

निवडीचे निकष

पूर्वनिर्धारित दृश्य निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

- पुढचा निर्णय किती दूर आहे : पुढील निर्णय तासांवर असेल तर दिवसदृश्य, वारावर असेल तर आठवडादृश्य, हंगामावर असेल तर महिना किंवा पट्टीदृश्य.
- नोंदींची दाटी : दिवसाला एक-दोन नोंदी असतील तर दिवसदृश्याचा बहुतेक पडदा रिकामा राहतो, तेथे यादीदृश्य पुरते.
- चुकीची किंमत : जी नोंद चुकल्यास मोठे नुकसान होते, ती ज्या दृश्यात लपत नाही, ते दृश्य आधी ठेवावे.
- पडद्याचा आकार : संगणकावर आठवडादृश्य वाचता येते, मोबाइलवर यादी किंवा तीन दिवसांचे दृश्य अधिक सुवाच्य असते.
- वापरणारे कोण : घरातील एकच मोबाइल अनेकांकडे असेल, तर प्रत्येकाच्या नोंदींना वेगळा रंग आणि सर्वांना समजेल असे महिनादृश्य सोयीचे ठरते.

एकच दृश्य वर्षभर ठेवण्याची आवश्यकता नसते. पेरणीच्या दिवसांत दोन आठवड्यांचे, पीक उभे असताना यादीचे आणि मार्चअखेरीस महिन्याचे, असे हंगामानुसार दृश्य बदलता येते. पूर्वनिर्धारित दृश्याबाहेर राहणाऱ्या महत्त्वाच्या नोंदींसाठी स्वतंत्र सूचना लावणे हा त्याचा पूरक उपाय आहे.

तांत्रिक बाबी

आठवड्याचा पहिला दिवस हा दृश्याचाच भाग असतो. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो. अनेक संगणकप्रणाली प्रदेशनिहाय संकेतांसाठी युनिकोड संघटनेचा सीएलडीआर हा माहितीसंच वापरतात. त्यात भारतासाठी आठवड्याचा पहिला दिवस रविवार असून साप्ताहिक सुट्टीही केवळ रविवारची धरलेली आहे. मोबाइलचा प्रदेश भारत ऐवजी दुसरा निवडला गेला असेल, तर ॲपमधील आठवड्याचा आरंभ बदलू शकतो.

दिवसाची सीमा हा दुसरा मुद्दा होय. ॲपचा दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला. शेतीपंपांना आळीपाळीने रात्रीचा वीजपुरवठा मिळतो तेव्हा शेतकरी रात्री दहापासून पहाटेपर्यंत ओलित करतो. त्याच्या दृष्टीने हे एकच काम असते. दिवसदृश्यात मात्र ते दोन तारखांत तुटते आणि दुसऱ्या दिवसाच्या माथ्यावर त्याचा उरलेला भाग दिसतो.

भारताने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७, म्हणजेच १ चैत्र १८७९ शके, पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. ही दिनदर्शिका सीएलडीआरमध्ये समाविष्ट आहे. तथापि तिचे महिने सौर असल्याने त्यांची नावे मराठी चांद्र महिन्यांसारखी असली, तरी ती पोळा किंवा दिवाळीची तिथी सांगत नाही.

मर्यादा व टीका

पूर्वनिर्धारित दृश्याला अवाजवी महत्त्व दिले जाते, असाही एक आक्षेप आहे. नोंदच केली नसेल, तर कोणतेही दृश्य ती दाखवू शकत नाही. आणि सूचना योग्य वेळी वाजत असेल, तर दृश्य कोणते आहे याने फारसा फरक पडत नाही. याउलट, सूचनांची संख्या वाढली की त्या न वाचताच पुसल्या जातात आणि शेवटी डोळ्यांसमोर असलेले दृश्यच उपयोगी ठरते, असे प्रत्युत्तर दिले जाते.

दुसरी टीका ॲपच्या गृहीतकांवर आहे. दिवस, आठवडा व महिना ही तीन प्रमुख दृश्ये कार्यालयीन कामाला अनुरूप आहेत. त्यांत प्रत्येक कामाला आधीच निश्चित वेळ असल्याचे धरलेले असते. पावसावर अवलंबून असलेल्या कामाला अशी वेळ नसते. 'पुरेसा पाऊस झाल्यानंतर' ही अट तारखेच्या घरात लिहिता येत नाही. त्यामुळे वऱ्हाडातील अनेक घरांत मोबाइलमधील ॲप, भिंतीवरील दिनदर्शिका आणि पंचांग ही तिन्ही साधने एकाच वेळी वापरात राहतात. मुदती व सूचनांसाठी ॲप, घराच्या सामाईक नोंदींसाठी भिंतीवरचे पान आणि नक्षत्र व तिथीसाठी पंचांग, अशी ही विभागणी असते.